घाईचं झाड

॥ देवाची स्तुती असो ॥

कॅमसॅक, १८ फेब्रुवारी

ती. मावराताईस,
सावेलीचे शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं गोठलेलो आहोत, पण खुशाल आहोत. तू फोन घे, फोन घे म्हणतेस. ताई, माझ्या या बहिऱ्या कानांना फोनवर तुझं बोलणं गोणपाटात कोंबडी ओरडावी तसं ऐकू येतं, आणि मी मुद्दाम ऐकत नाही असं समजून तू आणखी ओरडतेस. पत्रात तू जरा कमी ओरडतेस, म्हणून पत्रच बरं.

मुद्द्याचं लिहितो. अन्युताचे हात या हिवाळ्यात फार बिघडले. बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी वळली आहेत. सूतकताई सुटलीच होती, आता चमचाही धरवत नाही. स्वयंपाक मी करतो. परवा बटाट्याचं सारण भरून वारेनिकी केली, ती उकळताना एकेक करून उघडली, आणि शेवटी आम्ही ती सूप म्हणून प्यायलो. ती काही बोलली नाही. पूर्वीची अन्युता असती तर आठवडाभर बोलली असती. ती गप्प बसली याचीच मला धास्ती वाटते.

तुझ्या गांज्याच्या मलमाची डबी तिने पुरवून पुरवून वापरली. ती संपल्यावर दुकानातली आणली, तर म्हणाली, याला फरशी पुसायच्या पाण्याचा वास येतो. घरटी चार झाडं लावायला सरकारची परवानगी आहे, तेव्हा मी दर वर्षी चार लावतो. झाड माझ्या डोक्यावर जातं, आता फुलेल मग फुलेल म्हणेपर्यंत सप्टेंबरचं दंव येतं आणि त्याचा उकडलेला पालक करून जातं. आमच्या सपाटीवर उन्हाळा अंगातला कोट न काढताच परत जायला निघतो.

तू इतकी वर्षं लवकर फुलणारी जात काढते आहेस असं ऐकतो. निघाली असेल तर थोडं बी पाठव. निघाली नसेल तर तसं कबूल कर, मी शेजारच्या कुझ्माशिवाय कुणाला सांगणार नाही.

मोठ्यांची माया धाकट्यावर असावी, थंडीत थोडी जास्तच.

तुझा,
सावेली


॥ देवाची स्तुती असो ॥

स्लोकन खोरे, ३ मार्च

चि. सावेलीस,
मावराताईचे अनेक उ. आ.

निघाली असेल तर म्हणे! पत्र वाचताना चहा नाकात गेला. अन्युताचं वाचून मात्र लगेच उठून कपाट धुंडाळलं. उरलेली एक डबी सोबत पाठवते आहे. तिला वारेनिकी खायला घालू नकोस, आधीच तिला कमी का त्रास आहे!

आता जातीचं ऐक. तुझे भावजी इल्या हयात होते तेव्हा मक्याच्या आड एक उंच झाड वाढवायचे. तेव्हा कायद्याने बंदी. पोलिसांचं हेलिकॉप्टर वरून गेलं की इल्या टोपी काढून स्तोत्र म्हणायला लागायचे. त्या झाडाचा वास काय सांगू, पाइनच्या राळेत मिरी कुटून घातल्यासारखा! गुणही तसाच. पण ते तयार व्हायचं ऑक्टोबरच्या मध्याला, आणि आमच्याकडे सप्टेंबरच्या पावसातच फुलांना बुरशी धरते. उलट पलीकडच्या पेरेपेल्किनकडे उत्तरेहून आलेलं एक खुरटं झाड होतं. गुडघ्याएवढं झालं की फुलायचं, आणि वास ओल्या गवताचा. मी या दोघांचं लग्न लावून दिलं.

पहिली पोरं निघाली ती बापासारखी आळशी आणि आईसारखी बेचव. मी हटले नाही. माझी चार आणि पेरेपेल्किनची चार झाडं मिळून दर वर्षी पाहते. रूप बघायचं नाही, उंची बघायची नाही. सगळ्यांत आधी जे फुलेल आणि ज्याला इल्यांचा वास येईल त्याचंच बी धरायचं, बाकीची खतात. पेरेपेल्किन म्हणतो, मावरा, तू माणसं अशी निवडली असतीस तर खोऱ्यात कुणीच उरलं नसतं. त्याला उरू दिलंय हे तो विसरतो.

बी देते, पण एका अटीवर. तुम्ही दोघांनी इकडे यावं असं मी किती वर्षं सांगते आहे. खालच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, चूल आहे, नदी दिसते. तेव्हा पैज लाव. माझं झाड तुझ्या सपाटीवर दंवाच्या आधी पिकलं, तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. नाही पिकलं, तर शेत वीक आणि अन्युताला घेऊन ये. आपल्या पंथात शपथ घेत नाहीत, म्हणून नुसता शब्द देते.

अन्युताला जवळ घेऊन विचारपूस केली म्हणून सांग. या ताईवरचा लोभ भांडून झाल्यावरही राहू दे.

तुझी,
मावराताई


॥ देवाची स्तुती असो ॥

कॅमसॅक, २ मे

ती. मावराताईस,
सावेलीचे शि. सा. न. वि. वि.

बी मिळालं. पैज मान्य. अन्युताला काही बोललेलो नाही, उगाच तिच्या जिवाला घोर नको.

पण मला एक सांग. मी हरलो तर तुझं भलं, आणि बी पण तुझंच. कुझ्माला दाखवलं. त्याने दाणा दातांत धरून पाहिला आणि म्हणाला की, तुझी बहीण हुशार असेल तर हे झाड पुढच्या नाताळात फुलेल. मी म्हटलं, माझी बहीण लबाड नाही. तो म्हणाला, मी लबाड म्हटलं नाही, हुशार म्हटलं. त्यावरून आमची तासभर जुंपली. शेवटी त्यानेही दुकानातून आणलेली आपली चार रोपं कुंपणालगत लावायची ठरवली, तुलना व्हायला.

माझी रोपं अन्युताच्या टोमॅटोच्या कुंड्यांतून खिडकीत आहेत. ती त्यांच्याशी बोलते. माझ्याशी बोलत नाही इतकं बोलते.

पायांवर डोकं ठेवतो, बीमध्ये खोट निघाली तर उचलून घेईन.

तुझा,
सावेली


॥ देवाची स्तुती असो ॥

स्लोकन खोरे, १४ जून

चि. सावेलीस,
अ. उ. आ.

कुझ्माला म्हणावं, दात दाण्यांवर वाया घालवू नकोस, आहेत तेवढे जप. मी तुला खोटं बी देईन? अरे, या जातीला मला नाव द्यायचं आहे. ती वेळेवर फुलली नाही तर खोऱ्यात तोंड कुठे दाखवू? पेरेपेल्किन मला वेडी म्हणतो. सगळ्यांत चांगलं बी विरोधकाला पाठवणारी बाई त्याने पाहिली नाही म्हणे. हे सांगायला तो रोज येतो, आणि येताना कोबी-बटाट्याचं बोर्श सूप घेऊन येतो. त्याच्या बोर्शमध्ये शेपू फार असते. हे मी सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घातली.

इकडची गंमत सांगते. गेल्या रविवारी प्रार्थनाघरात आमच्या थोरल्या गायिका वार्वाराबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आपल्या पूर्वजांनी दारू सोडली, तंबाखू सोडली, मांस सोडलं, आणि आता या समाजात काही बायका गांजा पिकवतात! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आपल्या आज्या याच झाडाच्या दाण्यांचं तेल काढून त्यात बटाटे परतायच्या. सोमवारी त्याच वार्वाराबाई मागच्या दाराने साईची बरणी घेऊन आल्या. म्हणाल्या, गुडघ्यासाठी मलम हवं आहे, पण हे गुडघ्यापर्यंतच राहू दे.

आता कामाचं, नीट वाच. झाडं लवकरच नर की मादी ते दाखवतील. पेराशी बारीक पांढरे दोन केस दिसले तर मादी, ती ठेवायची. छोट्या पिशव्यांचे घोस लटकले तर नर. तो दिसला त्याच दिवशी उपटायचा. दया नको, उशीर नको.

अन्युताला माझे आशीर्वाद. माझी आठवण काढत जा, रागाने काढलीस तरी चालेल.

तुझी,
मावराताई


॥ देवाची स्तुती असो ॥

कॅमसॅक, ९ जुलै

ती. मावराताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, तू थोर आहेस! फुलायला लागली! माझ्या कमरेएवढीसुद्धा नाहीत आणि फुलायला लागली! कुझ्मा कुंपणावरून रोज डोकावून जातो. त्याची झाडं ऐटीत उंच होताहेत, फुलाचा पत्ता नाही. तिघींना पांढरे केस आले आहेत.

चौथ्याला पिशव्या आहेत. तोच सगळ्यांत देखणा. सरळ, घनदाट, राजासारखा उभा. तू उपट लिहितेस. कसं उपटू सांग. आपल्या पणजोबांनी बंदुका जाळल्या आणि कुणाला मारणार नाही म्हणून देश सोडून इकडे आले. आपण कोंबडी कापत नाही. आणि मी या बिचाऱ्याला, केवळ तो नर आहे एवढ्या कारणासाठी? अन्युतालाही विचारलं. ती म्हणाली, नर आहे म्हणून उपटायचं ठरवलं तर सुरुवात झाडापासूनच का करायची? याचा अर्थ अजून मला लागलेला नाही.

मी मधला मार्ग काढला. त्याला मुळांसकट उचलून कोठारामागे लावलं आहे. तिथून त्याला बायका दिसत नाहीत. खुश आहे.

तुझा विजयाच्या वाटेवरचा,
सावेली


॥ देवाची स्तुती असो ॥

स्लोकन खोरे, १७ जुलै

सावेली,

आशीर्वाद पुढच्या पत्री. हे पत्र वाचून संपायच्या आत कोठारामागे जा आणि ते झाड उपट. त्याला बायका दिसायची गरज नाही, वारा सुटला की झालं. त्या पिशव्या उघडल्या की पिठासारखी धूळ उडते आणि गावभर जाते. मग फुलांत दाणे भरतात आणि मलमाचा गुण कमी होतो. तुझ्या झाडांचं सोड, त्या बिचाऱ्या कुझ्माचा विचार कर.

अजून वाचतो आहेस? ऊठ.

मावरा


॥ देवाची स्तुती असो ॥

कॅमसॅक, ६ सप्टेंबर

ती. मावराताईस,
सावेलीचे शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, सगळं सांगतो. तुझं पत्र मिळताच टोपी काढून त्याची क्षमा मागितली आणि उपटला. पण त्याआधी तीन दिवस वारा सुटला होता. तूही रागावलीस आणि वाराही रागावला, मी दोघांच्या मधे सापडलो.

दंव परवा पहाटे आलं. टोमॅटो काळे पडले, भोपळ्याची पानं फडक्यासारखी लोंबली. पण तुझी तिन्ही झाडं मी त्याआधीच कापून कोठारात उलटी टांगली होती! केस तपकिरी झालेले, बोटांना राळ चिकटत होती, आणि वास! अन्युता कोठाराच्या दारात उभी राहून म्हणाली की, भावजी आत कुठेतरी मका खुरपत असतील असं वाटतंय. पिकलं, ताई. आपल्या सपाटीवर पिकलं. पैज मी जिंकलो.

फुलांत दाणे आहेत, पण मलमापुरता माल चांगला आहे. कुझ्माचं मात्र वाईट झालं. दंवाच्या धास्तीने त्याने आपली झाडं ऑगस्टातच अर्धीकच्ची कापली, आणि सुकवून विडी ओढायला घेतली, तर ती फुटाण्यासारखी फुटली. एक दाणा उडून त्याच्या मिशीत गेला. तो चाळणी घेऊन आमच्या दारात आला आणि चाळणीतले दाणे माझ्या टेबलावर ओतून म्हणाला, हे तुझ्या राजाचे राजपुत्र, आता सांभाळ. आठवडाभर बोलला नाही. काल आला आणि ते दाणे परत मागितले. हे बापावर जातील काय असं विचारत होता, घाईच्या बाबतीत.

आता मलमाची कृती पाठव. तुझी हार मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा विजयी,
सावेली


॥ देवाची स्तुती असो ॥

स्लोकन खोरे, १६ सप्टेंबर

चि. सावेलीस,
ताईचे अनेक उ. आ.

पत्र पेरेपेल्किनला मोठ्याने वाचून दाखवलं. सपाटीवर पिकलं हे वाक्य दोनदा वाचलं. त्याने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग आम्ही त्याच्या बोर्शवर जेवलो आणि मी एक शब्द शेपूबद्दल काढला नाही.

मग तो गेला, आणि मी खालच्या खोल्यांत जाऊन बसले.

तुला खरं सांगते. मार्चमध्ये टेबलावर दोन डबे होते. एकात हे बी, दुसऱ्यात त्याच्या थोरल्या भावंडांचं, सप्टेंबरअखेर पिकणारं. दिसायला दोन्ही सारखीच. संध्याकाळभर माझा हात दुसऱ्या डब्यावर होता. तू आला असतास, अन्युता आली असती, घरात कुणी खोकलं असतं तरी बरं वाटलं असतं. पण मग वाटलं, माझी जात फसली असं तू कुझ्माला सांगणार. ते काही मला सोसवलं नसतं. तेव्हा ही हार माझ्या गर्वामुळे झाली आहे असं समज. शब्द दिला आहे, तो पाळीन. विषय संपला. खोल्यांत पेरेपेल्किन आपल्या काकड्यांच्या बरण्या ठेवणार आहे.

मलमाचं: फुलं सूर्यफुलाच्या तेलात अगदी मंद आचेवर ठेव, गाळ, मेण वितळवून घाल. उकळू देऊ नकोस, नाहीतर वारेनिकीसारखं होईल. रोज संध्याकाळी तिच्या हातांना चोळ.

जातीचं नाव इल्या ठेवते आहे. ते कुठेही वेळेवर कधी पोचले नाहीत, निदान झाड तरी पोचू दे.

ताईला विसरू नका.

तुझी,
मावराताई


॥ देवाची स्तुती असो ॥

कॅमसॅक, २० ऑक्टोबर

ती. मावराताईस,
सावेलीचे शि. सा. न. वि. वि.

मलम उत्तम उतरलं, हिरवट सोनेरी. पण ताई, गुण येत नाही. रोज संध्याकाळी शेगडीसमोर बसून मी अन्युताचे हात चोळतो, एकेक बोट, एकेक पेर. विचारतो, काही फरक? ती म्हणते, अजून नाही, उद्या पुन्हा पाहू. परवा म्हणाली, डाव्याला थोडं जास्त चोळा. चोळलं. फरक नाही. कुझ्मा म्हणतो, दाणे भरल्यामुळे सत्त्व गेलं. म्हणजे माझ्याच दयेमुळे गेलं. त्या एका झाडाला मी वाचवायला गेलो आणि हिच्या हातांचं वाटोळं केलं.

मी ठरवलं आहे. पैज जिंकलो ती जिंकलो, पण तिचे हात असेच राहणार असतील तर ती जिंकून काय करू? तुझ्याकडे थंडी सौम्य आहे, तुझं मलम गुणाचं आहे. वसंतात शेत विकायला काढतो. अन्युताला अजून बोललेलो नाही. पेरेपेल्किनला म्हणावं, बरण्या हलव.

हरलेला,
सावेली


॥ देवाची स्तुती असो ॥

कॅमसॅक, २९ ऑक्टोबर

ती. वन्संना,
अन्युताचा शि. सा. न.

अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. पुष्कळ दिवसांनी पेन धरलं आहे. हे कुझ्माकडे वाफेच्या न्हाणीला गेले आहेत, परत यायच्या आत लिहून संपवते.

आधी एक गोष्ट सांगते. हे तुम्हाला पत्र लिहितात तेव्हा एकेक शब्द मोठ्याने म्हणतात. स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून आपण मनातल्या मनात म्हणतो आहोत असं त्यांना वाटतं. तुमची उत्तरंही तशीच वाचतात. पैजेचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. खिडकी उघडी असते, तेव्हा कुझ्मालाही ठाऊक आहे. मी कुठे राहायचं यावर तुम्ही भावंडांनी पैज लावली आणि दोघांपैकी एकालाही मला विचारायचं सुचलं नाही. वन्सं, तुम्हाला तरी सुचायला हवं होतं.

आता विचारलं नाहीत तरी सांगते. शेत विकायचं नाही. इथे माझी चूल आहे, माझी फळझाडं आहेत, आणि भांडायला कुझ्मा आहे. पण हिवाळा तुमच्याकडे काढायला मला आवडेल. नदी पाहायची आहे, आणि ते शेपूचं बोर्शही खाऊन पाहायचं आहे. दर वर्षी बर्फ पडायच्या सुमाराला येऊ आणि पेरणीला परत जाऊ. असं तुम्ही सुचवा, माझं नाव न घेता.

आणि हातांचं. हात बरे आहेत. अगदी पूर्वीसारखे नाहीत, पण गेल्या हिवाळ्यापेक्षा पुष्कळ बरे. चमचा धरता येतो, हे पत्रही तुम्ही वाचताच आहात. परवा हे बाहेर असताना हातभर सूत कातून पाहिलं आणि लगेच लपवून ठेवलं. तुमच्या झाडाचा गुण आहे की शेगडीचा की चोळण्याचा, मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण फोटो काढणाऱ्याने सांगितलं तेव्हा सोडून यांनी माझा हात एवढा वेळ कधी हातात धरला नव्हता. चोळताना बोलतात. दिवसभर काय झालं ते सांगतात, त्यांच्या आईची गाणी म्हणतात, सगळी बेसूर. फरक पडला असं म्हटलं तर थांबतील.

पावलं वाजली. तुमची माया अशीच असावी आणि हे पत्र चुलीत असावं.

तुमची,
अन्युता


॥ देवाची स्तुती असो ॥

स्लोकन खोरे, ७ नोव्हेंबर

चि. सावेलीस,
मावराताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शेत विकायचा विचार डोक्यातून काढून टाक. पैज जिंकल्यावर मैदान सोडून पळतो त्याला काय म्हणतात ते कुझ्मा सांगेल. त्यापेक्षा सरळ दर हिवाळ्यात इकडे या आणि पेरणीला परत जा. हे माझ्याच मनात आलं आहे. बरण्या मी आजच हलवल्या. पेरेपेल्किनने तक्रार केली नाही, उलट खोल्या झाडून दिल्या, आणि वार्वाराबाईंनी चुलीशी टाकायला चटई आणली, अर्थात मागच्या दाराने.

आता मलमाचं. तू या जातीचा स्वभाव समजून घेतला नाहीस. हिला फुलायची घाई, पण गुण द्यायला ही अतिशय सावकाश. दाण्यांनी काही बिघडत नाही, जुलैत ते मी रागात लिहिलं होतं, तुझ्या राजावर आळ घेऊ नकोस. माझ्या अनुभवात रोज संध्याकाळी, न चुकता, एकेक पेर धरून चोळावं लागतं, आणि चोळणाऱ्याने गप्प बसलेलं या मलमाला चालत नाही. मधे सोडलंस तर सगळं पहिल्यापासून. किती दिवस म्हणशील, तर काहींना वसंतापर्यंत लागतात, काहींना वर्षं लागतात. अन्युताचे हात पाहता मला वर्षंच वाटतात.

तेव्हा प्रवासात डबी सामानात टाकू नकोस, खिशात ठेव.

लवकर या. वाट पाहणाऱ्या ताईचा दोघांना भरभरून लोभ.

तुझी,
मावराताई